तीन सेकंदांचं प्रात्यक्षिक

इंडियानापोलिस, जानेवारी

इंडियानात हिवाळा लागला की मक्याची शेतं बर्फाखाली जातात आणि सारं गाव शाळेच्या बास्केटबॉल हॉलमध्ये गोळा होतं. या वेडाला कारणं आहेत. सुगी उरकलेली असते, रात्री लांब असतात. शिवाय जुन्या काळी इथल्या खेड्यांतल्या शाळा इतक्या लहान होत्या की अमेरिकन फुटबॉलसाठी अकरा दणकट मुलं मिळण्याची मारामार. बास्केटबॉलला पाच पुरत. १९५४ साली मायलन नावाच्या खेड्यातल्या शाळेनं मन्सी सेंट्रल या बड्या शाळेला ३२-३० असं हरवून राज्याचं विजेतेपद नेलं. त्या विजयावरून स्फूर्ती घेऊन १९८६ साली ‘हूजिअर्स’ हा चित्रपट निघाला. न्यू कॅसल गावाची वस्ती वीस हजारांच्या आत, पण तिथल्या हायस्कूलच्या हॉलमध्ये हजारो माणसं बसतात. अशा राज्यात सात-आठ वर्षांच्या पोराला चेंडू हाताळायला कसं शिकवतात हे पाहण्यासारखं आहे. त्या शिकवण्यात आता व्हिडिओनं बरीच जागा घेतली आहे.

भारतातून आलेल्या माणसाला एक गोष्ट उमगायला वेळ लागतो. या देशात केंद्र सरकारचं क्रीडा मंत्रालय नाही. मुलांचे खेळ चालतात ते शाळा, नगरपालिकांचे उद्यान विभाग, वायएमसीए आणि चर्चचे हॉल यांच्या जोरावर. सर्वांत लहान गटांचे कोच बहुतेक ठिकाणी मुलांचे आईबाबाच असतात: कुणी विमा कंपनीत, कुणी ट्रकवर, कुणी इस्पितळात नर्स. पगार नाही, शनिवारची सकाळ मात्र द्यायची. त्यांच्यातल्या पुष्कळांना स्वतःला हा खेळ कुणी रीतसर शिकवलेला नसतो. म्हणून व्हिडिओचा पहिला विद्यार्थी हा कोचच. शुक्रवारी रात्री घरातली कामं आटोपल्यावर तो फोनवर दोन्ही पायांवर थांबायचा जंप स्टॉप पाहतो, दिवाणखान्यात दोनचार वेळा करतो आणि सकाळी मुलांसमोर स्वतः करून दाखवतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या, म्हणजे एनबीएच्या, ‘ज्युनिअर एनबीए’ या मुलांसाठीच्या उपक्रमानं याच माणसासाठी सरावाचे ४८ आराखडे, चार पायऱ्यांत मांडून, फुकट खुले केले आहेत, जोडीला छोटे व्हिडिओ आहेत. व्हिडिओचा सर्वांत मोठा उपयोग मला इथेच दिसतो. गावात जाणता कोच नाही म्हणून आता कुणा पोराचं अडत नाही.

ही वाट पुष्कळ जुनी आहे. लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून खेळताना सामन्यामागे सरासरी ४४.२ गुण काढणारा पीट मॅराविच याच्या ‘होमवर्क बास्केटबॉल’ या व्हिडिओ कॅसेट १९८०च्या दशकाच्या अखेरीस घरोघर पोचल्या. लहानपणी कोच असलेल्या वडिलांनी करून घेतलेले कमरेभोवती चेंडू फिरवण्याचे, गुडघ्यांमधून इंग्रजी आठाच्या आकारात काढण्याचे, बोटांच्या टोकांवर खेळवण्याचे धडे त्यानं त्यात स्वतः करून दाखवले. यातल्या कित्येक धड्यांना रिंग लागत नाही, खोलीतही होतात. जानेवारी १९८८ मध्ये मित्रांसोबत साधा सामना खेळत असताना तो गेला, वय चाळीस. आजचे लहान मुलांसाठीचे चेंडू हाताळण्याचे व्हिडिओ पाहताना त्याचा वारसा जागोजाग ओळखू येतो.

पण ‘कसं दाखवावं’ याचा सर्वांत चांगला धडा ज्या माणसाकडून मिळतो, तो इंडियानाचाच. जॉन वुडन. १९१० साली इथल्या खेड्यात जन्मला, मार्टिन्सविल हायस्कूलकडून १९२७ साली राज्यविजेता झाला, साउथ बेंडच्या शाळेत इंग्रजी शिकवत कोच राहिला आणि पुढे कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठाला १९६४ ते १९७५ या काळात दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देऊन गेला. दर मोसमाच्या पहिल्या सरावाला तो देशभरातून निवडून आणलेल्या खेळाडूंना मोजे कसे घालायचे ते दाखवी: टाचेवर, करंगळीपाशी सुरकुती राहता कामा नये, नाहीतर फोड येतो, आणि फोड आला की सराव बुडतो.

१९७४-७५ च्या मोसमात गॅलिमोर आणि थार्प हे दोन मानसशास्त्रज्ञ त्याच्या सरावाला जाऊन बसले आणि त्याची प्रत्येक कृती त्यांनी टिपली. २,३२६ नोंदी झाल्या. त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश नोंदी म्हणजे काय करायचं, कसं करायचं याची नेमकी माहिती. कौतुक ६.९ टक्के, नापसंती ६.६ टक्के. त्याची प्रात्यक्षिकं क्वचितच तीन सेकंदांपेक्षा लांबत. कुणी चुकलं की तो आधी बरोबर करून दाखवी, मग त्या खेळाडूनं कसं केलं ते दाखवी, आणि पुन्हा बरोबर. मधली चूक मनात राहू नये म्हणून शेवटचं चित्र योग्य कृतीचंच.

मुलांना व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रत्येकानं हे मनावर घ्यायला हवं, असं मला कळकळीनं वाटतं. दहा मिनिटांचा व्हिडिओ लावून आठ वर्षांच्या मुलांना जमिनीवर बसवून ठेवणं म्हणजे त्यांच्या हातातला चेंडू काढून घेणं. इथले समजदार कोच फोनवर एकच कृती दाखवतात, आवाज बंद करून, दोनदा. एकदा संथ गतीनं, म्हणजे कुठलं पाऊल आधी पडतं ते कळतं. दुसऱ्यांदा नेहमीच्या वेगानं, कारण संथ गतीत लय हरवते आणि लेअप, म्हणजे धावत येऊन रिंगजवळून टाकलेला चेंडू, मुळात लयीचाच आहे. चित्रण पाठीमागून किंवा बाजूनं घेतलेलं निवडतात. समोरून घेतलेल्या चित्रणात उजवा हात डावीकडे दिसतो, लहान मूल आरशासारखी नक्कल करतं आणि पावलं उलटी पडतात. मग लक्षात राहील अशी एकच सूचना. चेंडू सोडल्यावर मनगट कसं वळावं यासाठी इथली ठरलेली सूचना आहे: उंच फळीवरच्या बिस्किटांच्या डब्यात हात घाल आणि तिथेच ठेव. लगेच चेंडू हातात.

सर्वांत मोठा धोका मात्र चांगल्या व्हिडिओतच आहे. २०२४ पासून केटलिन क्लार्क ‘इंडियाना फीव्हर’ या इथल्या व्यावसायिक महिला संघाकडून खेळते आणि तिचा २२ नंबर घातलेल्या मुली या शहरात कुठेही दिसतात. खेळाकडे वळलेल्या इतक्या मुली पाहून आनंद होतो. पण तिचे कोर्टाच्या मध्याजवळून मारलेले नेम पाहून आठ वर्षांची मुलगी तेवढ्याच अंतरावरून चेंडू भिरकावते. खांद्यात ताकद नसते, म्हणून कमरेपासून दोन्ही हातांनी, आणि ती सवय जडते. लांबून नेम मारण्यात नावाजलेला एनबीए खेळाडू स्टीफन करी याचंही तेच झालं होतं. ताकद कमी म्हणून तो खालून चेंडू सोडे. हायस्कूलमध्ये असताना वडिलांनी, म्हणजे डेल करी यांनी, एक अख्खा उन्हाळा त्याच्याकडून ती पद्धत मोडून घेतली.

रिंगची दहा फुटांची उंची मुलांसाठी कुणी ठरवलेलीच नव्हती. डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत या खेळाचा जनक जेम्स नेस्मिथ यानं पीच फळांच्या टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता आणि खेळणारे मोठे पुरुष होते. अलीकडे ‘यूएसए बास्केटबॉल’ आणि एनबीए यांनी मिळून सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी आठ फूट, नऊ ते अकरासाठी नऊ फूट आणि बारापासून दहा फूट उंची सुचवली आहे. चेंडूही वयाप्रमाणे लहान. त्यामुळे माझं ठाम मत असं की नवशिक्या मुलाला दाखवायचा व्हिडिओ त्याच्याच वयाच्या, त्याच्याहून थोडं पुढे गेलेल्या मुलाचा असावा, आणि त्यात रिंग खाली घेतलेली दिसावी. क्लार्क आणि करी पाहावेत खेळावर प्रेम जडण्यासाठी.

काही कोच मुलाचं स्वतःचंही चित्रण करून त्याला दाखवतात. कोपर बाहेर जातंय हे दहादा सांगून पटत नाही, ते एकदा दिसलं की पटतं. मात्र त्याला इथे शिस्त आहे: पालकांची परवानगी आधी, आणि मोठ्या माणसानं मुलाला एकट्याला घेऊन बसायचं नाही. जिम्नॅस्टिक्समधल्या लैंगिक अत्याचारांची भयंकर प्रकरणं उघड झाल्यावर २०१८ साली बाल खेळाडूंच्या संरक्षणाचा संघीय कायदा झाला. तेव्हापासून या सावधगिरीत कुणी ढिलाई करू धजत नाही.

ज्युनिअर एनबीए भारतातही २०१३ पासून मुंबईसकट काही शहरांत पोचलं आहे, आणि ते व्हिडिओ कुठूनही पाहता येतात. आपल्याकडच्या शाळांत खांब सिमेंटमध्ये रोवलेले असतात, रिंग खाली घेता येत नाही. तिथल्या क्रीडाशिक्षकांना माझं सांगणं इतकंच: मैदानाच्या भिंतीवर आठ फुटांवर खडूनं चौकोन काढा, पाच नंबरचा चेंडू द्या, आणि फोन बाहेर काढाल तो एका कृतीपुरता.