जंबुरा

पानिपतच्या तिसऱ्या लढाईचें वर्णन वाचतांना आमच्या विद्यार्थ्यांस एक कोडें पडतें. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा मोठ्या, त्याचें पायदळ कवायती. असें असूनहि १४ जानेवारी १७६१ रोजीं मैदान अबदालीच्या हातीं कसें राहिलें? या प्रश्नाचें एक उत्तर, सर्व नव्हे, उंटाच्या पाठीवर होतें. त्याचें नांव जंबुरा.

फारसींत ‘जंबूर’ म्हणजे गांधीलमाशी आणि ‘जंबूरक’ म्हणजे लहानशी गांधीलमाशी. त्याच शब्दाचा मराठींत जंबुरा झाला. युरोपांतील लोकांनींहि आपल्या अशाच एका हलक्या तोफेस ‘फाल्कोनेट’, म्हणजे छोटा ससाणा, असें नांव दिलें होतें. उडून येऊन डसणाऱ्या प्राण्याचें नांव दोघांसहि सुचलें, यांत नवल नाहीं.

जंबुऱ्याची रचना अगदीं साधी. उंटाच्या पलाणावर लोखंडी बेचकें बसवीत व त्यांत नळी अशी अडकवीत कीं, ती वरखालीं व डावीउजवीकडे सहज फिरावी. गोळा बहुधा एक-दोन पौंडांहून जड नसे. गोलंदाज उंटावरच बसे. पुष्कळदां उंट खालीं बसवून तो नेम धरी व रंजकेस बत्ती देई. कानाशीं होणारा हा गडगडाट उंटास कितपत रुचत असे, हें कोणीं विचारलेलें दिसत नाहीं!

मोठ्या तोफेची गोष्ट निराळी. औरंगजेबाच्या छावणीबरोबर प्रवास केलेल्या बर्निये नांवाच्या फ्रेंच वैद्यानें दोन्ही प्रकार पाहिले होते. तो लिहितो कीं, बादशहाबरोबर सत्तर जड तोफा होत्या व त्यांतील कित्येकींस बैलांच्या वीस-वीस जोड्या लागत. उलट दोन-तीनशें चपळ उंटांवर एकेक लहान तोफ होती. आपल्याकडील गलबतांच्या कांठांवर फिरत्या तोफा बसवितात तशी ती त्यास दिसली. जड तोफेचें तोंड एकदां एका दिशेस लावलें कीं तें हालविणें मोठें कष्टाचें. जंबुरा मात्र उंट जाईल तेथें जाई. सन १७२२ मध्यें गुलनाबाद येथें अफगाणांनीं इराणच्या शहाच्या मोठ्या फौजेचा मोड केला, तेव्हांहि त्यांच्यापाशीं हे उंट होते.

आतां पानिपतकडे वळूं. शुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेला काशीराज पंडित त्या दिवशीं रणांगणावर होता. अबदालीपाशीं दोन हजार उंट व प्रत्येकावर दोन जंबुरेवाले होते, असें तो लिहितो. ही संख्या थोडी वाढवून सांगितलेली असेल, असें आम्हांस वाटतें. त्याचें दुसरें सांगणें मात्र अधिक महत्त्वाचें आहे. मराठ्यांच्या तोफा फार जड, त्यांचा रोख पटकन् बदलतां येईना. त्यामुळें सैन्यें जवळ येतांच गोळे शत्रूच्या डोक्यांवरून जाऊन मैलभर मागें पडूं लागले. पुढें गारदी रोहिल्यांवर व भाऊसाहेब मध्यावर तुटून पडले, तेव्हां आपलेच लोक समोर आल्यानें त्या तोफा बहुतेक निरुपयोगी झाल्या. दुपारनंतर अबदालीनें ताज्या दमाची राखीव फौज पुढें लोटली. अशा वेळीं हवें तेथें नेतां येणाऱ्या हलक्या तोफांची किंमत किती, हें निराळें सांगावयास नको.

तथापि सारा दोष तोफांवर घालणें आम्हांस मान्य नाहीं. कित्येक आठवडे रसद तुटलेली, माणसें व जनावरें उपाशी. अशा स्थितींत तें सैन्य सकाळपासून लढलें, आणि दुपारपर्यंत त्यानें शत्रूस जेरीस आणलें होतें. उपाशी पोटीं लढणाऱ्यांचा तो पराक्रम जंबुऱ्यांच्या कथेंत झांकून जाऊं नये.

पुढें रणजितसिंहाच्या शीख फौजेंतहि जंबुरे होते. परंतु उंट हें मोठें व उंच लक्ष्य, आणि नळीचा नेमहि बेताचाच. घोडे जुंपलेल्या हलक्या तोफा चौखूर धांवूं लागल्या, तसा एकोणिसाव्या शतकांत जंबुरा लढाईंतून हळूहळू नाहींसा झाला.