परगावचा उपचार, परगावचा मुक्काम

धाराशिव जिल्ह्यातील मूल होत नसलेली जोडपी उपचारासाठी वेगवेगळ्या वाटांनी बाहेर पडतात. परंडा-भूमकडची माणसे बार्शी गाठतात, धाराशिव-तुळजापूरची सोलापूरला जातात, कळंबच्या लोकांना लातूर सोयीचे पडते. उमरग्याला हैदराबादचा महामार्ग दारातून जात असल्याने तिथल्यांना सोलापूरइतकाच तोही रस्ता मोकळा असतो. एकदोन ठिकाणी अपयश आले किंवा हाताशी थोडा पैसा जमला, की पुणे. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यात स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत, सोनोग्राफी आहे, पण टेस्ट ट्यूब बेबी म्हणजे आयव्हीएफचा उपचार म्हटले की बहुतेकांना पिशवी भरून निघावेच लागते.

यामागे कायद्याचेही एक कारण आहे. सहायक जननतंत्रज्ञानाचा २०२१ चा कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला आणि त्याने दवाखान्यांचे दोन स्तर ठरवले. पहिल्या स्तरावर शुक्राणू गर्भाशयात सोडण्याची साधी प्रक्रिया, म्हणजे आययूआय, करता येते. स्त्रीबीज बाहेर काढणे, प्रयोगशाळेत फलन घडवणे आणि भ्रूण गोठवून ठेवणे ही कामे दुसऱ्या स्तराच्या नोंदणीकृत केंद्रातच होतात. अशा केंद्राला भ्रूणशास्त्रज्ञ, भूलतज्ज्ञ, चोवीस तास वीज आणि स्वच्छ हवेची प्रयोगशाळा लागते. असा पसारा मोठ्या शहरात उभा राहतो आणि रुग्ण तिथे जातो. देशात शास्त्रीय नोंदींसह मान्यता पावलेले पहिले टेस्ट ट्यूब बाळ ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात, डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून जन्मले. त्या काळी मराठवाड्यातल्या जोडप्याला मुंबईशिवाय पर्याय नव्हता. आता अंतर घटले आहे, मुक्कामाचा प्रश्न मात्र बाकी आहे.

हा प्रश्न इतर आजारांसारखा नाही. कर्करोगाचा रुग्ण महिना-दोन महिने एका गावी राहतो, म्हणून त्याच्यासाठी मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. वंध्यत्वाच्या रुग्णाला लागतो तो तुटक मुक्काम: आज दोन तास, परवा पुन्हा दोन तास, मग एक रात्र, मग काहीच नाही, आणि अचानक पुन्हा एक दिवस. त्यात नेमकी तारीख जेमतेम एकदोन दिवस आधी कळते, कारण ती डॉक्टर ठरवत नाहीत, अंडाशय ठरवतो. धर्मशाळेच्या नियमांत असा रुग्ण कुठेच बसत नाही. रेल्वेच्या रुग्णसवलतीच्या यादीत कर्करोग, क्षय, थॅलेसेमिया, डायलिसिस आहे, वंध्यत्व नाही. आयुष्मान भारत योजनेतूनही प्रजननाचे उपचार वगळलेले आहेत. म्हणजे हा खर्च आणि ही सोय दोन्ही जोडप्याने स्वतः बघायची असते.

सोय बघायची तर आधी उपचाराचे वेळापत्रक नीट समजून घ्यावे लागते. तपासण्यांसाठी एकदोन फेऱ्या होतात. पत्नीच्या रक्ताच्या तपासण्या तालुक्याच्या लॅबमधूनही पाठवता येतात, पण पतीच्या वीर्याचा नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोचावा लागतो. वाशीहून बाटलीत घालून सोलापूरला नेण्याची ती वस्तू नव्हे. नमुन्याआधी दोन ते पाच दिवसांचा संयम सांगितलेला असतो, हे लक्षात ठेवूनच निघायचे, नाहीतर फेरी फुकट जाते.

खरा उपचार पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतो. त्यापुढे साधारण ९ ते १२ दिवस रोज संप्रेरकाची इंजेक्शने आणि दर एकदोन दिवसांआड सोनोग्राफी. बीजकोश पुरेसे वाढले की शेवटचे, 'ट्रिगर'चे इंजेक्शन देतात आणि त्यानंतर ३४ ते ३६ तासांत बीज काढतात. सेंटरमध्ये सगळे याला पिकअप म्हणतात. वीस-तीस मिनिटांचे हे काम भूल देऊन होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जाऊ शकतो. भ्रूण तीन किंवा पाच दिवस प्रयोगशाळेत वाढवतात. मग ते लगेच गर्भाशयात सोडतात किंवा गोठवून पुढच्या एखाद्या पाळीनंतर सोडतात. हेच गर्भरोपण. सोडल्यावर बारा ते चौदा दिवसांनी रक्ताची तपासणी.

या सगळ्यात रात्रीचा मुक्काम अटळ ठरतो तो पिकअपच्या आदल्या रात्री. ट्रिगर रात्री दहाला घेतले असेल, तर पिकअप तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास. त्याआधी सहा-आठ तास उपाशी राहायचे. लोहाऱ्याहून पहाटे निघून, गाडी चुकण्याची धास्ती घेऊन, उपाशीपोटी सोलापूर गाठण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी पोचलेले बरे. इथे तासाचा हिशेब खरोखर तासाचाच असतो. ट्रिगर ठरल्यापेक्षा उशिरा घेतले गेले तर ते लपवू नये, लगेच फोन करून सांगावे, म्हणजे पिकअपची वेळ पुढे सरकवता येते. बीज काढायला उशीर झाला तर बीजकोश फुटून बीज निसटते आणि दहा दिवसांची इंजेक्शने वाया जातात. पिकअपनंतर भुलीची गुंगी असते, म्हणून सोबत माणूस हवे. परतीचा प्रवास मोटारसायकलवर करू नये, मग गाव कितीही जवळ असो.

बाकीच्या फेऱ्या कमी करता येतात, आणि इथेच जोडप्याच्या हातात बरेच काही असते. मधल्या सोनोग्राफी धाराशिव, उमरगा किंवा कळंबच्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे करून मोजमापे केंद्राला फोनवर पाठवण्याची पद्धत अनेक केंद्रांना चालते. मात्र ती आधी विचारून, दोन्ही डॉक्टरांचे बोलणे करून घेऊन ठरवावी लागते. युरोपात तर देशांच्या सीमा ओलांडून असे चालते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात युरोपातील सहा देशांच्या ४६ केंद्रांमधल्या परदेशी रुग्णांची पाहणी केली होती. इटलीने २००४ साली कडक कायदा केल्यामुळे तिथली जोडपी स्पेन, स्वित्झर्लंडकडे वळली होती. हे रुग्ण पुष्कळदा तपासण्या आणि औषधे आपल्या गावच्या डॉक्टरकडून घेतात आणि परदेशी जातात ते मोजक्या दिवसांपुरते. तिथे कायदा लोकांना घराबाहेर काढतो, इथे प्रयोगशाळेचे अंतर. उपाय दोन्हीकडे एकच: मधले काम घराजवळ, शेवटचे काम केंद्रात.

इंजेक्शने गावात घ्यायची ठरली, की ती टिकवण्याचा प्रश्न येतो. यातली बरीच औषधे २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची असतात आणि धाराशिवचा एप्रिल-मे चाळिशीच्या वर जातो. काही पावडरीची इंजेक्शने साध्या थंड जागेत चालतात, म्हणून औषध घेतानाच डब्यावरची सूचना वाचून घ्यावी. प्रवासात थर्मास किंवा बर्फाच्या पाकिटांची थंड पिशवी लागते. औषध रुमालात गुंडाळावे, बर्फाला चिकटू देऊ नये, कारण गोठले तर तेही निकामीच. घरच्या फ्रीजमध्ये वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवण्याची चूक फार होते. वीज वरचेवर जात असेल तर गावच्या मेडिकल दुकानदाराचा फ्रीज जास्त भरवशाचा. कातडीखाली द्यायचे इंजेक्शन पेनने स्वतःचे स्वतःला घेता येते, एकदा शिकवले की पुरते. गर्भरोपणानंतरचे प्रोजेस्टेरॉनचे तेलकट इंजेक्शन मात्र स्नायूत खोल द्यावे लागते, त्याला नर्सच हवी. त्याऐवजी योनिमार्गात ठेवायच्या गोळ्या दिल्या तर दिवसातून दोनतीनदा स्वच्छ न्हाणीघर आणि थोडा वेळ आडवे होण्याची जागा लागते. संडास अंगणापलीकडे असलेल्या घरात किंवा दिवसभराच्या एसटी प्रवासात हे किती अवघड जाते, हे औषध लिहून देणाऱ्याने विचारायला हवे. ते फारसे कुणी विचारत नाही.

राहायचे कुठे, याचे पहिले उत्तर नातेवाईक हेच असते आणि पुष्कळदा तेच गैरसोयीचे ठरते. पुण्याला नणंद असते, सोलापूरला मावशी असते. पण तिच्याकडे उतरायचे म्हणजे 'कशासाठी आलात?' याचे उत्तर द्यायचे. बारशाला, ओटीभरणाला टाळले जाण्याचा अनुभव घेतलेली बाई ते उत्तर देत नाही. दोष पतीत निघाला असेल तर घरातली तोंडे आणखीच घट्ट मिटतात. म्हणून अनेक जोडपी तुळजाभवानीचे दर्शन, जमिनीचे काम अशी निमित्ते सांगून निघतात आणि लॉजवर उतरतात. लॉज निवडताना केंद्रापासून रिक्षाने दहा मिनिटांवर, शक्यतो तळमजल्याची किंवा लिफ्टची, खोलीला लागून संडास-बाथरूम असलेली जागा बघावी. दोघांची आधार कार्डे जवळ असावीत. फ्रीज खोलीत नसला तर काउंटरवर औषध ठेवून घेतात का, हे आधी विचारावे. पुण्यात आठ-दहा दिवस राहायचेच असेल तर स्वयंपाकाची सोय असलेली खोली किंवा महिन्याच्या बोलीची पाहुणेखोली लॉजपेक्षा स्वस्त पडते. जेवणासाठी जवळची खानावळ किंवा डबा पुरतो. या उपचाराला वेगळे पथ्य लागत नाही. भाकरी, डाळ, अंडी, ताक सगळे चालते.

प्रवासात एक सवलत मात्र खरोखर उपयोगी पडते. १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या गाड्यांत महिलांना निम्मे तिकीट आहे. सोबत ७५ वर्षांवरील सासूबाई असतील तर त्यांचा प्रवास मोफत. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते, म्हणून उमरग्याहून हैदराबादला जाणाऱ्यांना तिचा फायदा थोडाच. पुण्या-मुंबईसाठी लातूर-मुंबई रेल्वेगाडी धाराशिव, बार्शी, कुर्डुवाडीवरून रात्रीत नेते आणि आडवे पडून जाता येते. गर्भरोपणानंतर प्रवास केला तर गर्भ 'पडतो', ही भीती निराधार आहे. सक्तीच्या विश्रांतीने यश वाढत नाही, हे अभ्यासांतून दिसले आहे. त्यामुळे केवळ पडून राहण्यासाठी पंधरा दिवस लॉजचे भाडे भरण्यात अर्थ नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांचे गणित सर्वांत अवघड. भूम, वाशी, कळंब, परंडा भागांतून दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि उन्हाळ्यापर्यंत पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. बाई दवाखान्यात गेली की कोयता मोडतो, खाडा पडतो, आणि उपचारासाठी मुकादमाकडून घेतलेली उचल फिटायची लांबते. अशा जोडप्याला भ्रूण गोठवण्याची सोय खऱ्या अर्थाने उपयोगाची. पावसाळ्यात गावी असताना बीज काढून भ्रूण गोठवायचे आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, गर्भरोपण करायचे. पती ट्रकचालक किंवा सैन्यात असेल तर त्याचा नमुना आधीच गोठवून ठेवता येतो. मात्र हे सगळे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावे लागते. केसपेपरवर 'व्यवसाय: शेती' एवढेच लिहिले तर हंगामाचा विचार कुणी करत नाही.

कागदपत्रांचा एक गठ्ठा कायमचा पिशवीत हवा: दोघांची ओळखपत्रे, वयाचे पुरावे, विवाह नोंदणीचा दाखला आणि जुने सगळे रिपोर्ट. गावात लग्न झालेल्यांची नोंद पुष्कळदा राहून गेलेली असते. ती ग्रामपंचायतीत करता येते, पण उपचार सुरू व्हायच्या आठवड्यात धावपळ नको. कायद्याने पत्नीचे वय २१ ते ५० आणि पतीचे २१ ते ५५ या मर्यादेत हवे. संमतिपत्रावर दोघांच्या सह्या लागतात, म्हणून सहीच्या दिवशी पतीने कामाचे कारण सांगून चालत नाही. केंद्राच्या नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर आहे का, हेही बघून घ्यावे.

खासगी केंद्रात एका आवर्तनाला लाख-दीड लाखापासून पुढे खर्च येतो. प्रवास, लॉज, बुडालेली मजुरी वेगळी, आणि ती बहुधा कुणी मोजलेली नसते. पहिल्याच वेळी यश येईल अशी खात्री नाही, त्यामुळे दुसऱ्या फेरीचे पैसे बाजूला ठेवूनच पहिली सुरू करणे शहाणपणाचे. गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात हा उपचार मोफत देण्याची सुरुवात २०२३ मध्ये झाली. तशी सोय मराठवाड्याच्या सरकारी रुग्णालयांत आली, तर लॉजचा अर्धा प्रश्न आपोआप सुटेल.

पिकअपनंतर घरी परतलेल्या रुग्णाने एका त्रासाकडे लक्ष ठेवायचे असते. इंजेक्शनांना अंडाशयाने जास्त प्रतिसाद दिला तर पोट फुगते, उलट्या होतात, लघवी कमी होते, दम लागतो, एकदोन दिवसांत वजन वाढते. हे ट्रिगरनंतर आठवड्याभरात किंवा गर्भ राहिल्यावर दिसते, म्हणजे नेमके घरी असताना. अशा वेळी केंद्राला फोन करावा आणि जवळच्या रुग्णालयात जावे. १०८ ची रुग्णवाहिका जवळच्या सरकारी रुग्णालयात नेते, सोलापूर-पुण्याच्या केंद्रात नव्हे. सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना रुग्णावर कोणता उपचार झाला हे माहीत नसते, त्यामुळे डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची यादी उशाशीच हवी. गर्भ राहिल्यानंतर पोटात एका बाजूला कळ किंवा रक्तस्राव झाला तरी हाच नियम, कारण गर्भ नळीत अडकलेला असू शकतो.

गर्भरोपणानंतर बारा-चौदा दिवसांनी करायची रक्ततपासणी तालुक्याच्या लॅबमध्ये होते, तिच्यासाठी शहरात जावे लागत नाही. रिपोर्ट केंद्राला कळवेपर्यंत औषधे आपल्या मनाने थांबवू नयेत. भ्रूण शिल्लक राहिले असतील तर कायद्याप्रमाणे ते दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. केंद्रे त्याचे वार्षिक शुल्क घेतात, आणि मुदतीची सूचना जाते ती नोंदवलेल्या फोन क्रमांकावर. हंगामाला जाताना सिम बदलले असेल, तर नवा नंबर केंद्राच्या रजिस्टरमध्ये लिहून घ्यायला सांगावे.