खो-खोच्या लीगला घर हवे

ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात 'अल्टिमेट खो-खो' ही व्यावसायिक लीग सुरू झाली. शाळेच्या मातीत वाढलेला हा खेळ त्या दिवशी दिव्यांच्या झोतात, मॅटवर, दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर आला. एका संघात नऊऐवजी सात खेळाडू, मैदान आखूड आणि आक्रमण करणाऱ्या संघात कुठल्याही दिशेला वळू शकणारा एक 'वझीर', अशा बदलांनी खेळाचा वेग आणखी वाढला होता. अंतिम सामन्यात ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाज संघाला ४६-४५ असे एका गुणाने हरवले. शेवटच्या क्षणापर्यंत हारजीत ठरत नाही, याहून चांगली जाहिरात कोणत्याही लीगला पैसे मोजून मिळत नाही. तरीही दुसरा हंगाम यायला डिसेंबर २०२३ उजाडला. तो कटकमध्ये झाला, जानेवारी २०२४ मध्ये गुजरात जायंट्सने तो जिंकला आणि पुढे २०२४ चे उरलेले वर्ष लीगविना सरले. खेळ उत्तम, खेळाडू तयार, मालकांमध्ये मोठमोठे उद्योगसमूह आणि एक राज्य सरकारही. मग लीग वर्षाच्या वर्षाला का उभी राहत नाही? माझ्या मते याचे उत्तर पैशात कमी आणि पत्त्यात जास्त आहे. या लीगला अजून घर मिळालेले नाही.

नव्या लीग कशा जगतात आणि कशा मरतात, याचा सर्वांत भरघोस पुरावा अमेरिकेत सापडतो. तिथे फुटबॉल म्हणतात तो आपला पायाने खेळायचा खेळ नव्हे. लांबट चेंडू हातात धरून समोरच्यांची फळी फोडत पुढे न्यायचा तो धसमुसळा खेळ. त्याची मुख्य लीग, एनएफएल, सप्टेंबर ते फेब्रुवारी चालते. पुढचा वसंत ऋतू रिकामा राहतो, म्हणून तो भरायचा प्रयत्न गेली चाळीस वर्षे होत आला आहे. १९८३ मध्ये सुरू झालेली यूएसएफएल तीन हंगाम चालली. मग तिच्या मालकांनी वसंत सोडून थेट एनएफएलच्या हंगामात उतरायचे ठरवले आणि तिथेच ती संपली. मक्तेदारीचा खटला जिंकूनही तिला भरपाई मिळाली एक डॉलर, कायद्याप्रमाणे तिप्पट करून तीन! २००१ ची एक्सएफएल एकाच हंगामात गुंडाळली गेली. २०१९ मध्ये आलेली एएएफ एका धनिकाच्या आश्वासनावर उभी होती. त्याने हात काढताच, सुरू झाल्यापासून आठ आठवड्यांत, ती बंद पडली, हंगामही पुरा झाला नाही. २०२० मध्ये पुन्हा आलेली एक्सएफएल पाच आठवड्यांनंतर करोनाने थांबवली. अखेर पुन्हा उभी राहिलेली एक्सएफएल आणि जुन्याच नावाने आलेली नवी यूएसएफएल यांचे विलीनीकरण होऊन मार्च २०२४ मध्ये आठ संघांची यूएफएल मैदानात उतरली.

या पडझडीतला एक तपशील मला फार बोलका वाटतो. नव्या यूएसएफएलने २०२२ चे सगळे साखळी सामने बर्मिंगहॅम या एकाच शहरात खेळवले. खर्च वाचला, चित्रीकरण सोपे झाले. पण बर्मिंगहॅमचा स्वतःचा संघ खेळत नसला की खुर्च्या रिकाम्या दिसायच्या. याउलट सेंट लुईस शहराकडे पाहा. त्याचा एनएफएल संघ २०१६ मध्ये लॉस एंजेलिसला निघून गेला. त्या शहराने वसंत लीगचा संघ इतका आपला मानला की २०२४ मध्ये तिथल्या सामन्यांना सरासरी ३० हजारांहून अधिक प्रेक्षक आले. बाकीचे संघ त्याच्या जवळपासही नव्हते. लीग तीच, नियम तेच, प्रक्षेपणही तेच. फरक एवढाच की एका ठिकाणी लोक आपला संघ बघायला आले आणि दुसऱ्या ठिकाणी नुसता कार्यक्रम होता. २०२५ च्या हंगामानंतर यूएफएलने काही शहरे सोडून नव्या शहरांत, छोट्या मैदानांवर जायचा निर्णय घेतला, तो याच अनुभवातून आलेला दिसतो.

आता बालेवाडीकडे परत येऊ. पहिला हंगाम पूर्णपणे पुण्यात झाला आणि सहा संघांत पुण्याचा संघच नव्हता. महाराष्ट्राच्या वाट्याला आले ते मुंबई खिलाडीज, आणि तेही खेळले पुण्यात. ओडिशाचा संघ जिंकला तेव्हा ओडिशातल्या माणसाला तो मैदानात जाऊन पाहता आला नव्हता. ज्या राज्यात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, पुण्यातच, या खेळाला लिखित नियम मिळाले, त्याच राज्यात लीगने स्वतःला पाहुणी करून घेतले. मराठवाड्याचे तर नावही कुठे नव्हते. वास्तविक धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तो खो-खोतल्या कामगिरीसाठी. शालेय क्रीडास्पर्धांच्या राज्यातल्या आठ विभागांत लातूर हा स्वतंत्र विभाग आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत दरवर्षी खेडोपाडीची मुले-मुली इथून पुढे जातात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताने पुरुष आणि महिला दोन्ही गटांत नेपाळला हरवून विजेतेपद मिळवले. दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचेच. म्हणजे शिडी आहे आणि तिच्या टोकाशी विश्वचषकही आहे. मधली व्यावसायिक पायरी मात्र आज आहे, उद्या नाही अशी. मुलींसाठी तर ती नव्हतीच, कारण लीगचे दोन्ही हंगाम फक्त पुरुषांचे होते. ज्या खेळात मराठवाड्याच्या मुलींनी नाव कमावले त्या खेळाच्या लीगने त्यांनाच बाहेर ठेवावे, ही मोठी चूक आहे असे मला वाटते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: आजच्या काळात लीग दूरचित्रवाणीच्या पैशावर चालते, घरचे मैदान ही जुन्या काळाची हौस. आयपीएल २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आणि २०२० मध्ये संयुक्त अरब अमिरातीत खेळवली गेली. प्रो कबड्डीचा २०२१-२२ चा अख्खा हंगाम बंगळूरूत एका ठिकाणी झाला. दोन्ही टिकल्या. हे खरे आहे, पण क्रम पाहायला हवा. आयपीएलचे पहिले वर्ष घरच्या मैदानांवर झाले आणि तिचे खेळाडू त्याआधीच घराघरांत पोहोचलेले होते. २०१४ मध्ये प्रो कबड्डीने आठ संघ घेतले आणि प्रत्येक संघाच्या शहरात मुक्काम ठोकला. यू मुंबा आणि पुणेरी पलटण ही नावे मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांनी स्टेडियमात बसून आपलीशी केली. नाते जुळल्यावर काही काळ दूर राहता येते. खो-खोच्या लीगने नाते जुळायच्या आधीच बिऱ्हाड हलवले, आणि वर दोन हंगामांत पंधरा महिन्यांचे अंतर ठेवले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लातूर, नांदेड, धाराशिवसारख्या ठिकाणी एवढा खर्च कोण उचलणार? तिकिटाला पैसे कोण मोजणार? इथे आपल्याच जत्रांचा पुरावा पुरेसा आहे. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुस्त्यांची दंगल असते. गावोगावच्या जत्रांचे फड लोकवर्गणीतल्या इनामावर पिढ्यान् पिढ्या भरत आले आहेत. नारळावरच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या कुस्तीपर्यंत माणूस उन्हात बसून राहतो, कारण फडात त्याच्या पंचक्रोशीचा मल्ल उतरलेला असतो. एका मोठ्या प्रायोजकापेक्षा शंभर छोटे देणगीदार फडाला जास्त वर्षे जगवतात, हे एएएफच्या मालकांना समजले असते तर बरे झाले असते. शिवाय खो-खोला फुटबॉलसारखे अवाढव्य मैदान लागत नाही. लीगचे मैदान जेमतेम २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. एक मॅट, दोन खांब, प्रकाशयोजना आणि दोन-तीन हजार माणसे बसतील अशी सोय झाली की जिल्ह्याच्या गावी सामना होऊ शकतो. वर्गणीने लीगचा सगळा खर्च निघेल असे मी म्हणत नाही. प्रक्षेपणाचा पैसा लागेलच. पण भरलेली गॅलरी दिसली तरच तो पैसा दुसऱ्या वर्षी परत येतो.

राहतो प्रश्न ऋतूचा. अमेरिकेला वसंत सोयीचा; आपल्याकडे तो आधीच आयपीएलने व्यापला आहे आणि मराठवाड्यात तर त्याहून कठीण कारणे आहेत. फेब्रुवारी-मार्च म्हणजे बारावी-दहावीच्या परीक्षा, आणि परीक्षांच्या तयारीच्या 'लातूर पॅटर्न'साठी ओळखल्या जाणाऱ्या गावात त्या काळात घरातला टीव्हीसुद्धा बंद असतो. पुढे ऊन आणि पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायचा आदेश दिला. मॅटवरच्या खो-खोला खेळपट्टीसारखे पाणी लागत नाही, ही त्याची जमेची बाजू. तरी तहानलेल्या गावात उत्सव मांडायचा नसतो. म्हणून आपल्याकडे योग्य काळ दिवाळीनंतरचा: सोयाबीन घरात आलेले असते, हातात थोडा पैसा असतो, संध्याकाळी गारवा असतो, परीक्षा अजून लांब असतात आणि शालेय स्पर्धांचा हंगामही ताजा असतो. दुसरा हंगाम डिसेंबर-जानेवारीत झाला, ती निवड बरोबर होती. तीच तारीख दरवर्षी पाळायला हवी होती, कारण जत्रेची तिथी कुणी विचारत नाही, ती पंचांगात असते.

लीग पुढचे वेळापत्रक जाहीर करील तेव्हा बक्षिसाची रक्कम आणि परदेशी खेळाडूंची संख्या यांवरच बातम्यांचा भर राहील. लातूरच्या वाचकाने मात्र आधी सामन्यांच्या गावांची यादी पाहावी, मग महिलांच्या संघांचा रकाना, आणि शेवटी पुढच्या वर्षाच्या तारखा आताच छापल्या आहेत का ते.