ओठांवरची भाषा

टेलिफोनचे जनक म्हणून अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचें नांव आपण जाणतां. परंतु ज्या स्त्रीवर त्यांचें प्रेम जडलें तिला त्या यंत्रांतून एक अक्षरहि ऐकूं येणें शक्य नव्हतें!

मेबल हबर्ड पांच वर्षांची असतांना स्कार्लेट ज्वरानें बहिरी झाली. १८७३ सालीं बोस्टन येथें उच्चार सुधारण्यासाठीं ती बेल यांच्याकडे शिकूं लागली. गुरु शिष्येहून दहा वर्षांनीं वडील. तिच्या अठराव्या वाढदिवशीं, २५ नोव्हेंबर १८७५ रोजीं, वाङ्‌निश्चय झाला व ११ जुलै १८७७ रोजीं विवाह. आपल्या कंपनीचे दहा भाग ठेवून बाकीचे सारे भाग बेल यांनीं पत्नीस विवाहाची भेट म्हणून दिले.

हीं दोघें बोलत तरी कशीं? मेबल समोरच्याचे ओठ वाचीत असे. ही कला मोठी अवघड. आरशापुढें उभे राहून आवाज न काढतां ‘पाळ’, ‘बाळ’, ‘माळ’ म्हणून पाहा. तिन्ही शब्द ओठांवर सारखेच दिसतात. ‘क’ आणि ‘ग’ तर तोंडाच्या आंतच राहतात. उरलेला अर्थ संदर्भावरून जुळवावा लागतो. त्यासाठीं भाषा आधीं अवगत हवी. मेबलला ती श्रवण जाण्यापूर्वींच लाभली होती.

घरांत जें प्रेमानें साधलें, तोच नियम शाळांना लावावा असा बेल यांचा आग्रह होता. १८८० च्या मिलान परिषदेनें खुणांच्या भाषेविरुद्ध ठराव केले आणि अनेक शाळांतून ती हद्दपार झाली. जन्मतः बहिऱ्या मुलांची हक्काची भाषाच त्यामुळें हिरावली गेली. २०१० सालीं व्हँकूवर येथील परिषदेनें ते ठराव अमान्य करून खेद व्यक्त केला. तोंवर १३० वर्षें लोटलीं होतीं.

हें सांगण्याचा अधिकार मला कितपत आहे? माझ्या वर्गांत मागच्या बाकावर एक मुलगा बसे. मी फळ्याकडे तोंड करून शिकवीत असें व तो चुकला कीं त्यास मंद म्हणत असें. त्यास कमी ऐकूं येतें हें मला वर्ष संपतांना कळलें. दोष कानांचा होता. परंतु पाठ मीं फिरविली होती.

म्हणून विनंती इतकीच : आपल्या घरीं असें कोणी असल्यास उजेडांत, समोर बसून बोला, आणि त्याचे हात बोलूं लागले तर ते धरून ठेवूं नका. ती भाषा आपणच शिका.