माप प्रमाण की कान?
ध्वनियंत्र घेताना कोष्टकातील आकडे पाहावे की कानांवर विसंबावे, हा किनवटासही पडणारा प्रश्न जुनाच आहे. सांगलीचे सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीमखाँसाहेबांच्या साहाय्याने श्रुती मोजून १९१० साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यावरून श्रुतींची पेटीही सिद्ध झाली. परंतु १९१६ च्या बडोदे संगीतपरिषदेत जाणत्या गवयांस तिचे स्वर पटले नाहीत! ३६ इंच तारेवर २४ इंचांस पंचम बोलतो, हे निर्विवाद. तथापि रागपरत्वे हलणारा गांधार एका पट्टीत कसा बांधावा? उलटपक्षी, कानही मोठ्या आवाजास व नामांकित छापास भुलतो. म्हणून दोष शोधण्यास माप प्रमाण मानावे, निवडीस कान. मात्र यंत्राचे नाव झाकून आणि आवाज सारखा ठेवून.