समुद्रगायीचा श्वास

समुद्रगाय म्हणजे डुगाँग. तिच्या चरण्याचा विचार करताना मला गवतापेक्षा हाडांचंच नवल अधिक वाटतं. एवढं गवत पोटात आंबत असताना खरं तर ती बुचासारखी तरंगायला हवी. पण पाणबुड्यानं कमरेला शिसं बांधावं, तशी तिची हाडं भरीव आणि जड असतात. फुप्फुसं पाठीलगत लांबवर आडवी पसरलेली, त्यामुळे अंग पाण्यात समतोल राहतं. तळाशी जाऊन खाली वळलेल्या रुंद ओठांनी ती समुद्री गवत मुळासकट उपटते. वाळूत मागे नांगरल्यासारखी तासं उरतात. तिची नातलग मॅनटी तरंगत्या वनस्पतीही खाते. डुगाँगला मात्र तळच हवा.

हे गवत (शेवाळ नव्हे, फुलणारी वनस्पती) उजेडावर जगतं, म्हणून उथळ पाण्यातच वाढतं. मच्छीमारांची जाळीही तिथेच. दर काही मिनिटांनी श्वासासाठी वर येणारं हे जनावर जाळ्यात अडकलं, की चक्क बुडून मरतं. तमिळनाडूनं २०२२मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र जाहीर केलं. नकाशावरच्या या सीमेपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे: अडकलेली समुद्रगाय जिवंत सोडणाऱ्या मच्छीमारांना तिथलं वन खातं रोख बक्षीस देतं.