धर्माबाद सुटलं की रोमिंग

परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसनं बासरला सरस्वतीच्या दर्शनाला गेलेल्यांना आठवत असेल. धर्माबाद सुटलं की मोबाइलच्या पडद्यावर आंध्रचं नाव उमटायचं आणि डब्यात एकच घाई व्हायची, ‘ठेव, ठेव, रोमिंग लागली!’

देशातल्या रोमिंगची ती धास्ती आता गेली. पण हजला निघालेल्या परभणीकराचा फोन जेद्दाला उतरल्यावर जे करतो, ते बासरला करायचा त्याहून फारसं वेगळं नाही.

सिमकार्डात साधारण 15 आकड्यांचा एक क्रमांक असतो. तो आपला मोबाइल नंबर नव्हे. त्यातले पहिले तीन आकडे देशाचे: भारताचे 404 किंवा 405, सौदीचे 420. नवख्या माणसाला ‘कोणत्या गावचे?’ असं विचारतात, तसं जेद्दाचं नेटवर्क या आकड्यांवरून सिमचं गाव ओळखतं. तेवढ्यावर मात्र त्याचं समाधान होत नाही. ते थेट भारतातल्या कंपनीकडे चौकशी करतं. सिममध्ये एक गुप्त किल्ली असते, तिची जोड फक्त कंपनीकडे. कंपनी एक संख्या आणि तिचं उत्तर पाठवते. सिमला फक्त संख्या मिळते. किल्ली लावून त्यानं काढलेलं उत्तर जुळलं, तर दार उघडतं. किल्ली हवेतून कधीच जात नाही. लगेच कंपनीच्या दप्तरी नोंद होते: गडी सध्या सौदीत.

आता जिंतूरहून कुणी त्याच नंबरवर फोन लावला, तर तो आधी भारतातल्या या नोंदीपाशी जातो आणि तिथून जेद्दाकडे वळतो. जिंतूरवाल्याला साध्या कॉलचेच पैसे. समुद्रापारचा टप्पा उचलणाऱ्याच्या माथी. नुसता फोन उचलला तर पैसे का कापले, यावरून घरोघरी झालेल्या भांडणांचं मूळ इथं आहे. मक्केत एकाच इमारतीत उतरलेल्या पाथरीकरानं सेलूकराला भारतीय नंबरवर हाक मारली, तर तीही बहुधा भारतात येऊनच शेजारच्या खोलीत पोचते!

इंटरनेटही बहुतेकदा असंच मायदेशाला वळसा घालून येतं. फोन खिशात असतानाही अ‍ॅप गुपचूप डेटा ओढत राहतात, म्हणून डेटा रोमिंग बंद ठेवलेलं बरं. तिथलं स्थानिक सिम घेतलं तरी जुनं काढून पिशवीत टाकू नये. बँकेचा ओटीपी त्यावरच येणार. आणि आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्याआधीच सुरू करून घ्यावं. नाहीतर जेद्दाहून चौकशी आली की कंपनीच ‘नाही’ म्हणून मोकळी होते.